परग्रहवाल्यांच्या सोफ्यावर ताई

टीव्हीवाले आमच्या घरी आले तेव्हा त्यांना चूल हवी होती. घरात गॅस होता, आई तो रोज घासूनपुसून ठेवायची, आणि पाव्हणे येणार म्हणून त्या दिवशी जरा जास्तच चकचकीत केला होता. कॅमेऱ्यामागचा मुलगा तो बघून म्हणाला, "काकू, चूल दिसली तर बरं पडेल." परसात अंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. आईला तिथं बसवून भाकरी थापायला लावली. धुरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेच त्यांना हवं होतं, तेवढं त्यांनी तीनचारदा घेतलं.

मग वडिलांचा फोटो मागितला. तो कपाटात होता. रोज समोर दिसला की आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून तिनेच तो आत ठेवला होता. त्यांनी तो बाहेर काढला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिथं टांगला, झेंडूचा हार घातला आणि ताईला खाली बसवून वडिलांची बाजाची पेटी पुढ्यात दिली. ताईनं हार काढला. "रोज घालत न्हाय आमी," एवढंच म्हणाली. त्यांनी परत घातला.

मोबाईल नुकताच घरटी एक झाला होता आणि पेठेत फ्लेक्सचं वेड सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या एका वाहिनीवर गाण्याची स्पर्धा होती. ताई निवडली गेली आणि कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत तिचा पुरुषभर उंच फोटो लागला. 'पेठेची कन्या', खाली मताचा मेसेज कसा पाठवायचा ते, आणि त्याच्याही खाली कार्यकर्त्यांचे चेहरे, ताईच्या चेहऱ्याइतकेच मोठे. लोकांनी मनापासून मेसेज केले, हे मी नाकारत नाही. त्या लोकांवर माझा राग नव्हता. राग होता तो माणसाचं दुःख किलोवर मोजणाऱ्यांवर. तो अजून आहे.

चौथ्या की पाचव्या भागात निवेदिकेनं ताईचा हात हातात घेतला. मागं पडद्यावर आमचं परस, धूर, आईचे डोळे, फोटोचा हार. संगीत लावलं होतं. निवेदिका म्हणाली, आज बाबा असते तर.  ताई म्हणाली, "वडील चांगले होते. आता गाऊ का?"

गायली सुरेख. पुढच्या आठवड्यात बाहेर पडली.

परत आली तेव्हा फ्लेक्स अजून होता, वाऱ्यानं एका कोपऱ्यात फाटलेला. मंडईत भाजीवाली म्हणाली, "जरा रडली असतीस तर काय गेलं असतं गं तुझं? आमी आख्ख्या गल्लीनं मेसेज केलतं." दुसरी म्हणाली, "शिष्ट हाय ती पहिल्यापासनं." एका काकूंनी तर घरी येऊन आईला सांगितलं, की पोरीला बापाची माया नसावी. आईनं त्यांना चहा दिला. मी असते तर दिला नसता.

 ताईनं गाणंच बंद केलं. नळावर पाणी भरताना गायची, तेही बंद. एका कुरिअरच्या ऑफिसात कामाला लागली आणि वडिलांची पेटी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकलली. पन्हाळ्याकडच्या एका भजनी मंडळात वडिलांचे जुने सोबती होते. त्यांना तिनं निरोप धाडला, की गणपती उठले की येऊन पेटी घेऊन जावा, पैसे नकोत. आई एवढंच म्हणाली, "तुझी हाय, तुला काय करायचं ते कर." पण त्या रात्री ती जेवली नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि एका संघटनेची पत्रकं लिहीत होते. नदीत सांडपाणी सोडण्याविरुद्ध, फीवाढीविरुद्ध, आणि आता टीव्हीविरुद्ध एक लिहायला घेतलं होतं. मथळा 'नागरिकहो, जागे व्हा'. खाली चार मुद्दे. मुद्दे बरोबर होते, आजही बरोबरच वाटतात. फक्त ते वाचून कुणी जागं होत नव्हतं. मंडईत शेंगदाण्याच्या पुड्या माझ्या पत्रकात बांधलेल्या मी स्वतः बघितल्या.

त्याच दिवसांत मंगळवार पेठेत नेट कॅफे चालवणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीनं एक सीडी दिली. म्हणाली, "परदेशातलं कार्टून हाय. पोरांचं न्हाय, मोठ्यांचं. तू बघच." नाव मला तेव्हाही नीट कळलं नाही, सीडीवर पेननं नुसतं 'हसणे' लिहिलं होतं.

मी ते कॅफेतल्या फळीच्या खोपट्यात बसून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला जेवणाच्या सुट्टीत ओढून तिथं नेलं. इंग्रजी तिला भरभर झेपायचं नाही, म्हणून मी कानाशी मराठीत सांगत होते.

गोष्ट अशी. एक लहानसं गाव, बटणांच्या कारखान्यावर जगणारं. माणसं उठतात, कामाला जातात, भांडतात, झोपतात. आणि खूप लांब दुसऱ्या एका ग्रहावर, सोललेल्या मुळ्यासारखे दिसणारे, पोटावर तोंड असलेले प्राणी सोफ्यावर बसून हे सगळं बघत असतात. आपली आख्खी पृथ्वी म्हणजे त्यांच्या टीव्हीवरचा कार्यक्रम. फार वर्षं चाललेला, आणि आता लोकांना कंटाळा आलेला. त्यांचा निर्माता घाबरतो. म्हणून तो गावात गंमत घालायला लागतो. एका घरावर लॉटरी टाकतो, शेजारच्या घरावर आजार. पाऊस नेमका मयताच्या वेळी पाडतो. आणि बटाटे सोलत बसलेल्या एका म्हाताऱ्या विधवेच्या दारात तिच्या मेलेल्या नवऱ्यासारखा हुबेहूब माणूस उभा करतो. वरून सगळा ग्रह रुमाल घेऊन तयार.

म्हातारी त्याच्याकडं बघते आणि म्हणते, "माझा नवरा दारात उभा राहिला नसता. सरळ आत येऊन जेवण झालं का विचारलं असतं त्यानं. कुणी पाठवलं तुला?"

इथं ताई हसली. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत. मी किती दिवसांनी ते बघत होते. "परत लाव की तेवढं," म्हणाली. मी परत लावलं. दोनदा लावलं. कॅफेवाली फळीवरून डोकावून म्हणाली, "अगं हळू. शेजारी एकजण नोकरीचा अर्ज भरालाय."

पुढं म्हातारीला सगळं समजतं. ती घरोघर जाऊन सांगते, की आपण आता काहीच करायचं नाही. रडायचं नाही, भांडायचं नाही, नुसते बटाटे सोलायचे. आख्खं गाव सोलत बसतं. वर कार्यक्रम कोसळतो. निर्मात्याला त्याचा साहेब बोलावतो, तो पाय धरतो, पोटावरच्या तोंडानं हुंदके देतो, आणि त्याचाच कॅमेरावाला, हाताला सवय म्हणून, कॅमेरा त्याच्याकडं वळवतो. झालं. ग्रह पेटतो. आजवर इतकं कुणी कधी बघितलं नव्हतं. ते इतकं चालतं, की आपल्या पृथ्वीवरही दाखवायला लागतात. आणि मग बटणांच्या गावातली तीच माणसं बटाटे टाकून टीव्हीपुढं बसतात, रडणाऱ्या मुळ्याला मतं पाठवतात. "अजून थोडं रड की," म्हणतात. एकटी म्हातारी उठते आणि बटाटे उकडायला ठेवते.

ते कार्टून काढणाऱ्या माणसांचं मला अजून कौतुक वाटतं. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण अर्ध्या तासाच्या आत, फालतू विनोद करत, ढेकर देणारे मुळे नाचवत, त्यांनी जे केलं ते माझ्या सगळ्या पत्रकांना मिळून जमलं नव्हतं. त्यांनी एकदाही 'जागे व्हा' म्हटलं नाही. निर्मात्यालाही नुसता राक्षस करून सोडला नाही, त्यालाही रडवलं. आणि शेवटी बघणाऱ्यालाही मोकळं सोडलं नाही. आमच्या पत्रकात वाचणारा नेहमी गरीब बिचारा आणि दोषी नेहमी कुणीतरी लांबचा. त्या कार्टूनवाल्यांनी बघणाऱ्याच्याच हातात मोबाईल दिला. हे धाडस आहे. चित्रं काढणाऱ्यांनी ते केलं आणि आम्ही घोषणा देणारे मागं राहिलो, हे मला मान्य करावंच लागतं.

ताई परत जाताना म्हणाली, "त्या म्हातारीला कुणी शिष्ट म्हटलं असंल का गं?"

"म्हटलंच असंल," मी म्हणाले.

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि ऑफिसात गेली. पण पेटी पलंगाखालीच राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "कार्टून हाय ते. निरोप दिलाय मी."

आमच्या पेठेतल्या तालमीच्या मंडळाचा गणपतीत दरवर्षी सजीव देखावा असायचा. सजीव म्हणजे पुतळे नाहीत, पेठेतलीच माणसं उभी राहून करणार, लोक रांगेनं समोरून बघत जाणार. दरवर्षी पन्हाळ्याचा वेढा. तीच दाढी, तीच ढाल, आवाज कॅसेटवर आधीच भरलेला. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळी पेठ मामा म्हणायची, ते आमच्या दारावरून जाताना मी त्यांना अडवलं आणि परग्रहवाल्यांचा देखावा सांगितला.

"गणपतीपुढं परग्रहवाले," मामा म्हणाले. "पोरी, पत्रकं वाटून वाटून डोकं फिरलं काय तुझं?"

"मामा, वेढा बघून लोक चालता चालता आइस्क्रीम खात्यात. थांबत न्हाईत."

"त्ये खरं हाय," मामा म्हणाले. त्यांनी मिशीला हात लावला. "खर्च काय?"

"फोम, चंदेरी रंग आनि एक सोफा."

"सोफा माझ्या घरातला देतो. बायकोला सांगू नका."

मी लिहिलं ते असं. मांडवात बांबूची मोठी चौकट, टीव्हीच्या आकाराची. तिच्या पलीकडं सोफा, सोफ्यावर तीन परग्रहवाले भडंग खात बसलेले. अलीकडं दर्शनाची रांग. म्हणजे रांगेतले लोक हाच त्यांचा कार्यक्रम. कॅसेट नको, माइकवर जिवंत बोलायचं, समोर जो येईल त्याच्यावर. त्यासाठी तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर घेतला, कारण मैदानावर समोरच्या संघाच्या सात पिढ्यांची चौकशी करण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात नव्हता. डोळ्यांना पोहण्याचा गॉगल, हातात त्याचेच गोलकीपरचे मोजे, अंगाला चंदेरी फोम. माझा हिशोब सरळ होता. लोक चौकटीत स्वतःला बघतील, शरमतील, विचार करतील.

पहिल्या संध्याकाळी रांग सरकायला लागली आणि गोलकीपर सुरू झाला.

"मंडळी, निळ्या शर्टातला प्राणी बघा. मगाधरनं फुडच्याच्या पायावर पाय देऊन उभा हाय आनि बघालाय आभाळात. ह्या जातीत नवरा हात हलवत फुडं चालतो. बायको पोरगं, पिशवी आनि नवऱ्याची चप्पल घेऊन मागनं येती. का येती, हे आमच्या शास्त्रज्ञास्नी अजून कळालेलं न्हाय."

लोक पोट धरून हसले. शरमलं कुणीच नाही. निळ्या शर्टवाला पलीकडच्या बाजूनं बाहेर पडला आणि धावत येऊन परत रांगेत लागला, या वेळी भावाला घेऊन. दुसऱ्या दिवसापासून माणसं नटून यायला लागली. एका घरानं पैठण्या काढल्या. एकानं चौकटीपुढं पोराला चिमटा काढून रडवलं आणि वर बघून म्हणाला, "ह्येच्यावर बोला की पावणं." लांबून, पार शहराबाहेरच्या गांधीनगरकडून लोक आले. मंडळाला इतकी गर्दी कधी झाली नव्हती, मामा खूश, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून दात खात उभी. मी थट्टा मांडली होती टीव्हीवर दिसण्याच्या हौसेची, आणि आमच्या लोकांनी तीच हौस तिथं फेडून घेतली. त्यांच्या लेखी तो टीव्हीच होता, आणि ह्या टीव्हीवर यायला मुंबईला जावं लागत नव्हतं.

पाचव्या संध्याकाळी आई ताईला घेऊन दर्शनाला आली. ताई येणार नव्हती. आई म्हणाली, गणपतीनं काय केलंय तुझं, तेव्हा आली. ऑफिसातून आली तशीच, साध्या ड्रेसवर. मी खांबापाशी होते. त्या दोघी चौकटीपुढं आल्या आणि गोलकीपरनं माइक तोंडाशी नेला. तो काही वाईट पोरगा नव्हता. जीभ आधी धावायची त्याची, एवढंच.

"मंडळी, आज आमच्या कार्यक्रमात जुनी पावणी आलीया," तो म्हणाला. "ताई, त्या येळंला राहिलं. आज तरी रडा की जरा. आमी मेसेज करतो."

रांग हसली. मग मागून एकानं, मग चारपाच जणांनी 'रडा की, रडा की' असा ताल धरला. आईनं ताईचा दंड धरला आणि ओढायला लागली. मी चौकटीकडं धावले, काय करणार होते मला माहीत नाही, बहुतेक माइकची वायर उपटली असती.

ताईनं आईचा हात सोडवला. चप्पल काढली. बांबूच्या चौकटीवरून पाय टाकून ती आत गेली, आणि परग्रहवाल्यांना म्हणाली, "सरका की जरा."

ते सरकले. ती मामांच्या सोफ्यावर मधोमध बसली, परातीतलं मूठभर भडंग घेतलं, खाल्लं. गोलकीपरपुढं हात केला. त्यानं माइक दिला. तालात ओरडणारे अजून ओरडत होते, पण आता त्यांना ऐकू येत होतं की ते ओरडतायत.

"मंडळी," ताई म्हणाली, त्याच्याच ढंगात, पण सावकाश. "हे बघा, पृथ्वीवरचं प्राणी. ह्यांची मानसं गेली, तर हे दारं लावून रडत्यात. मी बघितल्यात. त्या तिसऱ्या ओळीतल्या काकांचा भाऊ गेला, तवा काका आठ दिवस दुकानाचं शटर अर्धं खाली घेऊन आत बसलंतं. कुनी विचारलं तर म्हनायचं, साफसफाई चाललीया. आमी गल्लीत सगळ्यास्नी ठाऊक हुतं. आमी कुनीच आत गेलो न्हाय. त्येवढी समज ह्या प्राण्यास्नी हाय."

तिसऱ्या ओळीतले काका खाली बघायला लागले. त्यांच्या बाजूच्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पन टीव्हीची चौकट दिसली," ताई म्हणाली, "की त्येंचं काय हुतं, ते आमच्या शास्त्रज्ञास्नी इचारून सांगतो." आणि आणखी भडंग खाल्लं.

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले, पण वेगळं हसले. गर्दीतून आवाज आला, "ताई, गाणं म्हणा एक." त्याला पाठिंबा मिळाला. ज्यांनी ताल धरला होता तेच आता टाळ्या वाजवत होते.

"न्हाय," ताई म्हणाली. "लाइन फुडं घ्या. मागं म्हातारी मानसं उभी हायत." माइक परत दिला, उठली, चप्पल शोधली, आईला घेऊन दर्शन केलं आणि घरी गेली.

मी आजवर बऱ्याच सभा बघितल्या. मोठमोठे वक्ते ऐकले, त्यांच्यासाठी सतरंज्याही घातल्या. गर्दीला तोंडावर 'नाही' म्हणून तिचा अपमान न करणारं माणूस मी तेवढंच एक बघितलं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "रोज बस की गं सोफ्यावर. आख्खं कोल्हापूर लोटंल."

"एकदा बसलो, झालं," ताई म्हणाली. "मामा, च्या घेणार काय?"

गणपती उठले. चार दिवसांनी पन्हाळ्याकडचे ते पाव्हणे आले, वडिलांच्या वयाचे, भगवी टोपी, दाराबाहेर भाड्याची जीप. मी कॉलेजला जायचं टाळलं होतं. आईनं आतल्या खोलीत भांडी घासायला काढली होती, घासलेलीच.

ताईनं पेटी बाहेर आणून ठेवली, चादर सोडली, भाता उघडला आणि बसली. पट्ट्यांवर बोटं ठेवली. मग म्हणाली, "काका, तुमास्नी निरोप दिलता मी. पन देता यायचं न्हाय आता."

पाव्हण्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आमी जीप घेऊन आलाव की पोरी."

"जीपचं मी देतो."

"जीपचं काय घिऊन बसलीस." ते भिंतीला टेकून मांडी घालून बसले. "वर पन्हाळ्याला मंडळी वाट बघत्यात. काय सांगू त्यास्नी? मोकळ्या हातानं गेलो तर हसतील. एक म्हणून तरी दाखव, म्हंजी सांगाय येईल, ऐकून आलो म्हणून."

ताईनं आतल्या दाराकडं बघितलं. भांड्यांचा आवाज थांबला होता. ती गायला लागली. आवाज सुरुवातीला बसका होता, दोन महिन्यांची धूळ होती त्यावर, तिसऱ्या ओळीला मोकळा झाला. पाव्हणे डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते आणि मधेच चुकत होते.

बाहेर जीपचा ड्रायव्हर दारापाशी आला. त्याच्या मागं समोरच्या घरातली बाई, मग त्या चहा प्यालेल्या काकू. मला ते बघवेना. दार लावावं म्हणून मी उठले. ताईनं गाता गाताच माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको. मग ती परत पेटीकडं वळली. दारात कोण उभं आहे, हे तिनं शेवटपर्यंत बघितलं नाही.